चौफेर आडोसा

१

लायल हॉगनने तेहतीस वर्षं वायोमिंगमधल्या एका गावात शाळेची बस चालवली. बर्फात चालवली, गारपिटीत चालवली, मागे चाळीस पोरं कालवा करत असताना चालवली. त्यामुळे जगात आपल्याला जमत नाही असं काही असतं, हे त्याला मान्यच नव्हतं. दुसऱ्याचं अवजार हातात आलं की आधी नावं ठेवायची आणि मग वापरून बघायचं, ही त्याची रीत. डोंगरात निघायच्या आदल्या दिवशी मारिटने, त्याच्या मुलीने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपला स्टोव्ह ठेवला, तेव्हाही त्याने तेच केलं.

‘हे काय? कानातलं डूल?’

‘स्टोव्ह आहे, बाबा.’

‘असेल बुवा. बाकीचा कुठंय?’

मारिट रस्त्यावरचा बर्फ काढायचा ट्रक चालवायची, आणि बापाच्या टोमण्यांची तिला एकोणतीस वर्षांची सवय होती. तिने स्टोव्हची तीन बोटं उलगडली, वाटीएवढी गॅसची डबी घेतली आणि स्टोव्ह डबीच्या डोक्यावर फिरवून बसवला. चावी जराशी सोडून काडी दाखवली. फुस्स करून निळी ज्योत उभी राहिली आणि तीन मिनिटांत पातेल्यातलं पाणी खळखळायला लागलं. एका अंड्याहून जरासं जड यंत्र, पण काम बघा! लायल डोळे फाडून बघत राहिला.

त्याचा जुना स्टोव्ह पंप मारायचा, पांढऱ्या पेट्रोलवर चालणारा. पेट्रोलची बाटली हातभर लांब आणि मधे नळी. तो भडकायचा, काजळायचा, भुवया जाळायचा. पण लायल त्याच्याभोवती दगडांची अशी चौफेर भिंत रचायचा की वादळातही ज्योत हलायची नाही. त्या भिंतींचा त्याला फार अभिमान होता.

‘याला आडोसा कसा करायचा?’ त्याने विचारलं.

‘एका बाजूने. वारा येतो त्या बाजूने फक्त. तुझी ती चौफेर भिंत याला कधीच नाही करायची, बाबा. तुझी बाटली लांब असायची. इथे डबी ज्योतीच्या बुडाशीच आहे. कोंडलं की ती तापते आणि फुटते.’

‘फुटते म्हणजे?’

‘म्हणजे आपण उरत नाही. म्हणून मधूनमधून हात लावून बघायचा. गार असली पाहिजे. कोमट चालेल. गरम लागली की बंद करायचं आणि लांब व्हायचं. विचार करत बसायचं नाही.’

‘बरं, मास्तरीणबाई,’ लायल म्हणाला.

खरं तर गुडघ्यांनी त्याला डोंगराची परवानगी दिली नव्हती. पण दोन वर्षांपूर्वी मरताना त्याची बायको जोलीन म्हणाली होती, ‘पोरीला त्या डोंगरात एकटीला सोडू नकोस. ती तुझ्यावर गेलीय. मागे कधी फिरायचं ते तिला कळत नाही.’ मारिट दर सप्टेंबरात जायचीच. मग लायल जाणार नाही तर काय करणार? त्याला आता तेवढी एकच उरली होती.

२

पहिल्या मुक्कामाला ते तळ्याकाठी पोचले तेव्हा ऊन अजून होतं. तंबू लावायची जागा ठरलेलीच होती, सगळे तिथेच लावतात. लायलने पाठीवरचं ओझं उतरवलं आणि त्याची नजर तिथल्या एका सपाट दगडाकडे गेली.

दगडाच्या पश्चिमेला कुणीतरी वितभर उंचीची छोटी भिंत रचली होती. अर्धचंद्रासारखी. लायल गुडघे धरत खाली बसला आणि तिच्याकडे निरखून बघायला लागला.

‘मारिट, इकडे ये. हे बघ. एका दगडाला दुसरा दगड दोन ठिकाणी टेकलाय. कुठे फट नाही, कुठे चिप्पी ठोकलेली नाही. काय हात आहे गं याचा!’

‘दगड आहेत, बाबा. भूक लागलीय मला.’

‘तुला नाही कळायचं.’

त्याने पातेल्यात काठोकाठ पाणी भरून ते त्या सपाट दगडावर ठेवलं. पाणी सगळीकडून एकसारखं काठाला लागलं होतं, एका केसाचाही फरक नाही. लायलने आयुष्यात शेकडो वेळा स्टोव्हखाली दगड ठेवला होता आणि दर वेळी त्याच्याखाली एखादा खडा सरकवावा लागला होता. असा दगड बसवायला माणूस तास तास खपला असणार. तेही एका संध्याकाळच्या चहासाठी! लायलला मनापासून आनंद झाला. आपल्यासारखा वेडा माणूस अजून जगात आहे म्हणायचा.

वारा पश्चिमेचाच होता. ज्योत जराही लवली नाही. शेवया झाल्या, कोको झाला. मारिटने दोनदा डबीला हात लावून बघितला. गार होती.

झोपताना तिने डबी आपल्या झोपायच्या पिशवीत घेतली, कारण गारठली की गॅस सकाळी कुरकुरतो. लायल तंबूत आडवा पडला, तरी त्याच्या डोळ्यांसमोर ती भिंतच होती. एक गोष्ट त्याला खटकत होती, पण ती काय ते सापडत नव्हतं. सापडली सकाळी, दात घासताना. काल दुपारभर पाऊस पडून गेला होता आणि ते पोचले तेव्हा आजूबाजूचे सगळे दगड ओले होते. भिंत मात्र कोरडी होती, म्हणजे पाऊस थांबल्यावर रचलेली.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरून घोडे आले. पाच घोडे, आणि त्यांच्यापुढे वॉनिटा, शिकाऱ्यांचं सामान वर पोचवणारी बाई. गावातच राहायची, तिची दोन्ही पोरं लायलच्या बसमधून शाळेत गेली होती.

‘लायल हॉगन!’ ती घोड्यावरूनच ओरडली. ‘तू अजून जिवंत आहेस?’

‘तुझ्या धाकट्याने बसच्या सीटखाली मेलेला मासा ठेवला होता, त्यातून वाचलो म्हणजे आता कशानेच मरत नाही.’

वॉनिटा खो खो हसली. मग मारिटला म्हणाली, ‘म्हाताऱ्याला जपून ने गं. परवापासून हवा फिरणार आहे. खिंड बर्फ पडायच्या आत ओलांडा.’

‘आमच्या पुढे कोण आहे, वॉनिटा?’ लायलने विचारलं. ‘दगड फार सुंदर रचतो. त्याला भेटायचंय.’

‘पुढे? पुढे कुणी नाही.’

‘असणार गं. एकटा असेल, बाजूच्या वाटेने.’

‘मी खिंडीखालून येतेय. चार दिवस वरती होते. चिखलात अस्वलाचे पाय बघितले, हरणाचे बघितले. माणसाचे नाहीत.’ तिने लगाम ओढला. ‘म्हातारपणी डोळे जातात, लायल. जाऊ देत.’

संध्याकाळी दुसऱ्या तळ्यावर भिंत होती.

आज ती अर्ध्या वर्तुळाहून जास्त होती. लायलने आधी हाताने मोजली, मग पातेलं आत ठेवून बघितलं. पातेलं आणि दगड यांच्यामधे सगळीकडे बरोब्बर दोन बोटं जागा होती. आणि एका जागी वरच्या दगडात खाच ठेवली होती, पातेल्याच्या दांड्यासाठी.

‘बघितलंस? दांड्याचाही विचार केलाय पठ्ठ्याने.’

मारिट वाकली. तिने खाचेतून बोट फिरवलं.

‘बाबा, खाच डावीकडे आहे.’

‘मग?’

‘लोक दांडा उजवीकडे ठेवतात.’

मारिट डावखुरी होती. लायलला हे अर्थातच माहीत होतं, लहानपणी तिला चमचा धरायला त्यानेच शिकवलं होतं. ‘असेल त्याचाही हात डावा,’ तो म्हणाला. ‘जगात काय तू एकटीच आहेस का?’

बोलला खरा, पण त्याचा आवाज त्यालाच पोकळ वाटला. जेवण मात्र झकास झालं. ज्योत इतकी स्थिर होती की हाताने काढल्यासारखी वाटत होती. मारिटने डबीला हात लावला. ‘कोमट आहे,’ ती म्हणाली, आणि दोन वरचे दगड काढून बाजूला ठेवले. सकाळी ते पुन्हा आपल्या जागी होते. लायलने ते बघितलं, आणि मारिट उठायच्या आत काढून गवतात टाकले.

४

तिसऱ्या दिवशी लायलने युक्ती केली. तळं दिसायला लागलं तसं तो म्हणाला, ‘आज काठावर नको. त्या तिकडे, झाडांमागे लावू तंबू.’

‘तिथे कुणी लावत नाही.’

‘म्हणून तर.’

मारिटने त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली. दोघं वाट सोडून झुडपांतून निघाले. वारा पडला होता. आणि मग लायलला आवाज ऐकू आला.

टक्.

दगडावर दगड ठेवला की होतो तो आवाज. घाईत टाकलेला नाही, नीट बसवलेला. मग थोडी शांतता, माणूस पुढचा दगड हातात फिरवून बघतो तेवढी. मग पुन्हा टक्.

‘ऐकलंस?’

‘खार असेल,’ मारिट म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ‘बाबा, खार म्हण.’

‘खारच.’

झाडांमागे ते पोचले तेव्हा आवाज थांबला होता. तिथे कुणीही नव्हतं. भिंत होती. तीन बाजू पूर्ण आणि चौथी बाजू जवळपास, फक्त एक हात आत जाईल एवढी फट. दगडांवर ओली माती होती आणि त्यांच्या बुडाखालचे किडे अजून उजेडाला घाबरून पळत होते. भोवताली जमिनीत दगड उपटल्याचे खळगे होते. पाऊल एकही नव्हतं.

निघून जावं हे दोघांच्याही मनात आलं. पण अंधार दीड तासावर होता, लायलचे गुडघे सुजले होते, आणि वाऱ्याने आता पुन्हा डोकं वर काढलं होतं. शिवाय लायलच्या मनाचा एक कोपरा अजूनही त्या भिंतीवरून हात फिरवत होता. भीती वाटत होती तरी कौतुक संपत नव्हतं. इतकं चोख काम करणाऱ्याच्या मनात वाईट कसं असेल?

‘फट आहे ना एका बाजूला,’ तो म्हणाला. ‘पाच मिनिटांचा प्रश्न. गरम खाल्लं की डोकं चालेल.’

ही त्याची चूक. जुन्या स्टोव्हवर हात बसलेला माणूसच ती करतो. डोळ्यांना भिंत दिसते आणि हातांना वाटतं, सगळं ठीक आहे.

ज्योत पेटली, आणि काय पेटली! तिचा आवाज घुमायला लागला. फुरफुरीची घरघर झाली, घरघरीची गर्जना. पाणी दोन मिनिटांच्या आत उकळलं. लायल तोंड भरून हसला. ‘बघ, बघ कसा पळतोय!’

मारिटने फटीतून हात घातला आणि किंचाळून बाहेर काढला. मग पुन्हा घालून चावी बंद केली, बापाच्या दंडाला धरलं आणि त्याला अक्षरशः फरपटत झाडाच्या बुंध्याआड नेलं. दोघं तिथे बसून राहिले. डबी फुटली नाही.

‘गरम होती?’ बऱ्याच वेळाने लायलने विचारलं.

मारिटने तळहात दाखवला. लाल झाला होता. ‘आणि बाबा,’ ती म्हणाली, ‘आता ती फट नाहीये.’

त्याने वाकून बघितलं. खरंच नव्हती. त्याला स्वतःचीच लाज वाटली. पोरीला सांभाळायला आला होता म्हणे!

५

चौथ्या दिवशी खिंडीखालचा ओढा ओलांडताना मारिटचा पाय घसरला. कमरेपर्यंत पाण्यात गेली. त्याच तासात बर्फ सुरू झाला.

तंबू कसाबसा उभा राहिला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. लायलने तिचे ओले कपडे काढून तिला झोपायच्या दोन्ही पिशव्यांत गुंडाळलं. तिचे दात वाजत होते तोवर ठीक होतं. मग ते वाजायचे थांबले, आणि ती म्हणाली, ‘बाबा, बसचा हॉर्न कोण वाजवतंय?’

लायलच्या काळजात धस्स झालं. गरम पाणी पाहिजे होतं. पोटात गरम पाणी, आणि बाटलीत भरून काखेत. नाहीतर पोर सकाळ बघणार नव्हती, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. बंद तंबूत स्टोव्ह पेटवणं म्हणजे विषारी वायूने दुसरं मरण. तो बाहेर गेला.

भिंत तंबूपासून दहा पावलांवर होती. आज ती पूर्ण गोल होती. चौफेर. लायलने तिच्याकडे पाठ केली आणि उघड्यावर स्टोव्ह पेटवायचा प्रयत्न केला. एकदा, दोनदा, सातदा. काडी विझली, लायटर विझला, ज्योत धरली तर वाऱ्याने ती ओरबाडून नेली. गारठलेल्या डबीत जोरच नव्हता.

आठव्या वेळी तो वळला आणि स्टोव्ह भिंतीच्या आत ठेवला. आत वारा शून्य. एका काडीत पेटला.

त्याने ताबडतोब वाऱ्याच्या उलट्या बाजूचे तीन दगड काढून बाजूला ठेवले, आणि पातेल्यात बर्फ भरायला वळला. टक्. टक्. टक्. मागे बघितलं तर दगड जागेवर. पुन्हा काढले, आता लांब फेकून दिले. पातेलं चढवलं. टक्. टक्. ज्योत घुमायला लागली. त्याने वरून हात घालून डबीला लावला. कोमट. तिसऱ्यांदा त्याने दगड काढले, पण या वेळी डोळे वळवले नाहीत.

पलीकडच्या बाजूने एक हात आला. दगड धरलेला. हाताची कातडी ताणलेली, चकचकीत, पितळेसारखी. नखं नव्हती. दोन बोटं एकमेकांना चिकटून एक झाली होती. तरी त्या हाताने दगड केवढ्या अदबीने ठेवला! किंचित फिरवला, बसला की नाही ते बघितलं, आणि तो मागे सरला. मनगटाच्या पलीकडे बर्फ पडत होता, इतकंच दिसलं.

लायलची बोबडीच वळायची, पण तंबूतून मारिटचं बरळणं ऐकू येत होतं. त्याने ज्योत बारीक केली, स्टोव्ह पातेल्यासकट उचलून भिंतीबाहेर काढला, वाऱ्याकडे पाठ करून जमिनीवर फतकल मारली आणि स्टोव्ह दोन मांड्यांच्या मधे ठेवला. जॅकेट दोन्ही बाजूंनी पसरलं. डबीला थोडी ऊब मिळालेली होती. ज्योत थरथरली, आणि टिकली. लायल तिच्यावर नजर रोखून बसला आणि घसा खरवडून बोलायला लागला, कारण गप्प बसणं अशक्य होतं.

‘भिंत झकास आहे तुझी. देवाशपथ सांगतो, माझ्या हातून अशी जन्मात झाली नसती. तुझी चूक दगडात नाही, गड्या. या स्टोव्हला चौफेर भिंत चालत नाही. मीही काल हेच केलं. एक बाजू मोकळी ठेवावी लागते. पाठ द्यावी लागते वाऱ्याला, हे असं. नाहीतर...’

तो हात आठवून त्याला पुढे बोलवेना.

भिंतीकडून टक् असा आवाज आला नाही. काहीच आला नाही. पाठीवर बर्फ साचत गेला, पाठ बधिर झाली, पण पाणी उकळलं. मारिट एक कप प्यायली, मग दुसरा, आणि मग तिचे दात पुन्हा वाजायला लागले. तो आवाज ऐकून लायल हॉगन लहान पोरासारखा रडला.

त्याने तिचे गार हात आपल्या काखेत धरले. त्याचे डोळे मिटत असताना बाहेर आवाज सुरू झाला. टक्. थोडी शांतता. टक्. अगदी जवळ, कापडाच्या पलीकडे. उठायचं त्राण नव्हतं. मोजता मोजता तो झोपला.

६

सकाळी आभाळ निळं होतं. मारिट उठून बसली होती, गालांवर रंग होता.

‘भूक लागलीय,’ ती म्हणाली. एवढं गोड वाक्य लायलने याआधी कधी ऐकलं नव्हतं.

त्याने तंबूची चेन उघडली. तंबूभोवती भिंत होती. कमरेएवढी. दगडाला दगड दोन ठिकाणी टेकलेला, कुठे फट नाही, आणि तंबूपासून सगळीकडे सारखंच अंतर. फक्त एक बाजू मोकळी होती, वाऱ्याच्या उलटी.

मारिट त्याच्या खांद्यावरून बघत होती. ‘ही तू बांधलीस ना, बाबा?’ तिने हळूच विचारलं. ‘हो म्हण.’

‘हो,’ लायल म्हणाला.

तो बाहेर आला. पहाटे केव्हातरी वारा फिरला असावा, कारण बर्फाचा ढीग आता मोकळ्या बाजूलाच साचला होता. तरी तंबूत कणभर बर्फ शिरला नव्हता. लायल त्या मोकळ्या जागेपाशी गेला आणि थांबला. ढिगाला आतल्या बाजूने पोकळी पडली होती. दोन खांदे, मधे कणा. वाऱ्याकडे पाठ करून कुणीतरी तिथे बसलं होतं, बराच वेळ, फतकल मारून. काल तो स्वतः बसला होता तसंच. एकदाच दाखवलं होतं, आणि पठ्ठ्याने तंतोतंत उचललं होतं. बसल्या जागी बर्फ वितळून जमीन उघडी पडली होती आणि तिच्यावरचं गवत काळं, करपलेलं होतं.

त्याला त्या माणसाला काहीतरी म्हणायचं होतं. शाबास, किंवा आभार, किंवा पोर वाचली रे. तो खाली वाकला आणि त्या काळ्या गवतावर तळहात ठेवला.

‘बाबा, कॉफी टाकू?’ मारिट आतून म्हणाली. ‘पुढे चढ आहे.’

‘नको. सामान आवर.’

‘पाच मिनिटं लागतात फक्त.’

‘मारिट, आत्ता. तंबू राहू दे, तशीच बाहेर ये.’

ती बूट हातात घेऊनच बाहेर आली. त्याचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं. ‘काय झालं? काय आहे तिथे?’

लायलने हात वर उचलला. तळवा लाल झाला होता, आणि क्षणाक्षणाला आणखी लाल होत होता.

‘गरम आहे, अजून तापतंय,’ तो म्हणाला. ‘चल. विचार करत बसायचं नाही.’